दातातली खुंटी



कामगार चळवळीतल्या माणसाने दातांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु हातावर पोट असलेल्या माणसाचा दात दुखू लागला की तो पुष्कळदा उपटूनच टाकला जातो. वाचवायचा तर खेपा पडतात. गगनबावड्याहून कोल्हापूर सुमारे ५५ किलोमीटर. एका खेपेस एका दिवसाची मजुरी बुडते. या खेपांत होते तरी काय, ते मी वाचून आणि जाणत्यांना विचारून समजून घेतले आहे.

किडलेल्या दाताच्या मुळातली नळी साफ करून तीत गटापर्चा भरतात. दात वरून फारच मोडला असेल, तर नव्या बांधणीला आधार म्हणून नळीत खुंटी बसवितात. पूर्वी ती धातूची असे. धातू ताठ, ताण मुळावर येऊन कधी मूळच चिरते. १९९० नंतर तंतूंची, म्हणजे फायबरची, खुंटी प्रचारात आली. ती दाताबरोबर थोडी लवते. मात्र ती चिकटवावी लागते, आणि तिची मुख्य तक्रार सुटून येण्याची.

आता गवंड्याला विचारा. धुळीच्या भिंतीला गिलावा धरत नाही. भिंत अगदी कोरडी ठणठणीत चालत नाही, पाणी निथळत असलेलीही चालत नाही. दाताचे तसेच आहे.

खुंटीसाठी वरचा गटापर्चा काढतात. टोकाशी ४ ते ५ मिलिमीटर राखतात, म्हणजे जंतूंना वाट राहत नाही. कोरताना भुकटी आणि जुना मसाला भिंतीला लिंपला जातो. त्या मसाल्यात लवंगेच्या तेलातले युजेनॉल असेल, तर नवा चिकट लेप नीट घट्ट होत नाही. जंतू मारणारे हायपोक्लोराइट उपयोगी खरे, पण त्याचा मागे राहिलेला प्राणवायूही लेपाला घट्ट होऊ देत नाही. म्हणून ते शेवटचे ठेवीत नाहीत. भुकटी काढण्यास ईडीटीएचे द्रावण, मग पाणी, मग कागदी वातींनी टिपणे. खोल तळाशी दिव्याचा उजेड नीट पोहोचत नाही. म्हणून उजेडाविनाही घट्ट होणारा लेप घेतात.

हे सारे काम डोळ्यांआड असते. कॅप बसली की वरून सगळे दात सारखेच दिसतात! घाईत धुणे राहिले, तर ते काही महिन्यांनी खुंटी हातात आल्यावर कळते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: खुंटीने दात बळकट होत नाही. हिरडीच्या वर सभोवती सुमारे २ मिलिमीटर शाबूत दात उरला असेल, तरच कॅपला खरी पकड मिळते. म्हणून दात मोडण्याची वाट पाहू नका.

मालकांना माझे सांगणे एवढेच, की अशा खेपांना पगारी रजा द्या. आणि कामगार बंधूंनो, खुर्चीत बसल्यावर 'डॉक्टर, लवकर आटपा' म्हणू नका. भिंत धुण्यास लागणारा वेळ हा कामाचाच वेळ आहे, हे आपल्याइतके दुसरे कोण जाणते?