मुकुटानंतरची वर्षे



दीक्षान्त भाषणात थोरामोठ्यांची नावे घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि नागापुरात उभे राहून बोलणाऱ्याला ती शोधायला लांब जावे लागत नाही. अहिल्यादेवींचा जन्म याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या चौंडीत झाला. सावित्रीबाई फुले अध्यापनाचे प्रशिक्षण घ्यायला नगरला, मिस फॅरार यांच्या संस्थेत आल्या होत्या. त्यांच्याविषयी तुम्ही शाळेपासून ऐकत आला आहात. मी आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्यांचे नाव अशा व्यासपीठावर सहसा कोणी घेत नाही. त्या सौंदर्यस्पर्धा जिंकल्या, चित्रपटांत नटी झाल्या आणि ऐन उमेदीत चित्रपट सोडून घरी बसल्या. नम्रता शिरोडकर त्यांचे नाव.

कॉलेजात हा विषय कशाला, असे काही पालकांच्या मनात येईल. त्याचे कारण सांगते. पदवी हा सन्मान आहे. तो देतात दुसरे, आणि घेतल्यावर पुढे काय करायचे ते ठरवावे लागते आपल्याला. हे ठरवणे किती अवघड असते, ते ज्यांचा सन्मान सगळ्या देशाने पाहिला त्यांच्या आयुष्यात फार स्पष्ट दिसते. सिनेमातल्या बायकांच्या आयुष्याकडे आपण करमणूक म्हणून पाहतो. मला ती अभ्यासाची गोष्ट वाटते.

आधी नम्रता शिरोडकरांच्या आजीविषयी सांगायला हवे, कारण त्यांच्याशिवाय ही कहाणी अर्धीच राहील.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीचे काम करायला त्यांना बाई मिळाली नव्हती. साळुंके नावाच्या पुरुषाने ती भूमिका केली. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला पडद्यावर आल्या, पण चांगल्या घरातल्या मुलीने सिनेमात जाणे ही त्यानंतरही कितीतरी वर्षे बदनामीच समजली जात होती. मग १९३८ साल आले. हंस पिक्चर्सचा ‘ब्रह्मचारी’. कथा आचार्य अत्र्यांची, दिग्दर्शन मास्टर विनायकांचे. एका व्याख्यानाने भारावून ब्रह्मचर्याची शपथ घेणारा औदुंबर विनायकांनीच रंगवला, आणि त्याचे व्रत डळमळीत करणारी किशोरी झाल्या मीनाक्षी शिरोडकर, माहेरच्या रतन पेडणेकर. या चित्रपटात मीनाक्षीबाई पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या आणि गाणेही त्यांनी स्वतःच म्हटले.

तेव्हा गहजब झाला. टीका झाली, आणि चित्रपट पाहायला लोकांनी गर्दीही केली. दोन्ही कामे बहुधा तीच माणसे करत होती. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. अत्र्यांचा तो चित्रपट ढोंगाची टर उडवणारा होता, आणि ती टर पूर्ण व्हायला एका बाईने न लाजता पाण्यात उतरणे भाग होते. मीनाक्षीबाईंनी ते काम म्हणून केले. त्या गायिका होत्या, पुढे संगीत रंगभूमीवरही वावरल्या. पण आज त्यांचे नाव काढले की सांगणारा त्या एका पोशाखावर येऊन थांबतो. एका कलावतीची सगळी हयात लोकांनी काही मिनिटांच्या चित्रीकरणात कोंबली. हा अन्याय आहे, आणि तो आपण मराठी माणसांनीच केला आहे.

त्यांची नात नम्रता, जन्म २२ जानेवारी १९७२. पडद्यावर ती पहिल्यांदा आली ते लहानपणीच, १९७७च्या ‘शिर्डी के साई बाबा’ या चित्रपटात बालकलाकार म्हणून. नागापूरवरून जाणारा हा नगर-मनमाड रस्ता राहुरी, राहाता करत त्याच शिर्डीला जातो, म्हणून हे आवर्जून सांगितले.

आता १९९२ सालाकडे वळू. त्या वर्षी फेमिना मिस इंडिया झाल्या मधू सप्रे, नागपुरात जन्मलेल्या, मैदानावर घडलेल्या खेळाडू. बँकॉकच्या मिस युनिव्हर्स स्पर्धेत त्या शेवटच्या तिघींत पोहोचल्या. अखेरच्या फेरीत प्रश्न आला: देशाचे नेतृत्व हाती आले तर सर्वांत आधी काय कराल? अपेक्षित उत्तर सगळ्यांना पाठ असते: गरिबी हटवीन, जगात शांतता आणीन. मधू सप्रे यांनी सांगितले, खेळाचे चांगले मैदान बांधीन. मुकुट नामिबियाच्या मिशेल मॅक्लीन यांना मिळाला, सप्रे तिसऱ्या आल्या, आणि त्या उत्तरानेच घात केला असे आजही बोलले जाते.

मला विचाराल तर ते उत्तर उत्तम होते. एक खेळाडू मुलगी मैदान मागते, यात चूक कुठे आहे? ज्या गावात मुलींना धावायला जागा नसते, मुलांची शर्यत संपल्यावर उरलेल्या वेळात त्यांचा सराव उरकावा लागतो, त्या गावातल्या मुलीला विचारा मैदान ही मोठी गोष्ट आहे की लहान. सप्रे यांनी जे अनुभवले ते सांगितले. परीक्षकांना ते लहान वाटले. उद्या नोकरीच्या मुलाखतीत तुम्हालाही पाठ केलेले उत्तर द्यायचा मोह होईल, आणि ते दिले तर कदाचित नोकरी लवकर मिळेल, हेही मी लपवत नाही. तरी मी मैदानवाल्या मुलीच्या बाजूची आहे.

पुढच्याच वर्षी, १९९३ला, फेमिना मिस इंडियाचा मुकुट नम्रता शिरोडकरांच्या डोक्यावर आला. लागोपाठ दोन वर्षे दोन मराठी मुली. मेक्सिको सिटीतल्या मिस युनिव्हर्स स्पर्धेत त्या पहिल्या सहांत आल्या. तो मुकुट पोर्टो रिकोच्या दयानारा टोरेस यांना मिळाला. त्यानंतरचे वर्ष १९९४, सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांचे. मग सगळा देश मिस युनिव्हर्स, मिस वर्ल्ड म्हणू लागला आणि १९९२, १९९३ची नावे मागे पडली. एक वर्ष अलीकडे किंवा पलीकडे जन्मलो असतो तर, असे कुणालाही वाटावे इतके ते अंतर थोडे आहे.

या स्पर्धांविषयी माझे मत विचाराल तर स्पष्ट सांगते. बाईची उंची, कंबर आणि चाल मोजून तिला क्रमांक देणे मला मान्य नाही. १९९१नंतर बाजार खुला झाला, सौंदर्यप्रसाधनांच्या मोठ्या कंपन्यांना इथे गिऱ्हाईक हवे होते, आणि या मुकुटांनी ते तयार करून दिले. गोरेपणाची मलई नगरच्या बाजारातच काय, वाडीवस्तीवरच्या दुकानातही येऊन पोहोचली. त्याचा त्रास इथे बसलेल्या कितीतरी मुलींनी सोसला असेल. पण त्याचा राग स्पर्धेत उतरलेल्या मुलींवर काढणे मला पटत नाही. एकविसाव्या वर्षी जे दार उघडे दिसले त्यातून त्या आत गेल्या. त्या काळात मुलींसाठी उघडी दारे किती होती, हेही आठवून पाहा.

आता मी ज्यासाठी हा विषय घेतला त्या वर्षांकडे येते. मुकुट १९९३चा. ज्यातून हिंदी प्रेक्षकांनी नम्रता शिरोडकरांना मोठेपणी पहिल्यांदा पाहिले तो ‘जब प्यार किसीसे होता है’ आला १९९८ साली, आणि त्यातही त्यांचे काम छोटेच. मधली पाच वर्षे कुठे गेली? ज्या चित्रपटातून त्यांचे पदार्पण व्हायचे होते, अक्षय कुमार आणि सुनील शेट्टी यांच्यासोबतचा ‘पूरब की लैला पश्चिम का छैला’, तो पडद्यावर आलाच नाही. सगळा देश ओळखतो, पण दाखवायला काम नाही, अशी ती वर्षे. मुकुटाचे फोटो जुने होत जातात, नव्या मुली येत राहतात, लोक विचारतात, सध्या काय चालले आहे?

हा प्रश्न तुम्हालाही विचारला जाणार आहे. पुढच्या महिन्यात विचारतील, दिवाळीला विचारतील, लग्नाकार्यात तर हमखास विचारतील. आजच्या गुणपत्रिकेत त्याचे उत्तर नसते. काम मिळेपर्यंतचा काळ हा अपयशाचा काळ नव्हे, हे मला तुम्हाला आणि त्याहून जास्त तुमच्या आईवडिलांना सांगायचे आहे. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेला मुलगा एमआयडीसीत कंत्राटावर लागला म्हणून त्याच्या पदवीची किंमत कमी होत नाही, आणि स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी दोन वर्षे घरी दिसली म्हणून ती रिकामी नसते.

त्या पाच वर्षांनंतर मात्र कामाने वेग घेतला. १९९९ला महेश मांजरेकरांचा ‘वास्तव’ आला. त्यात नम्रता शिरोडकरांनी केलेली सोनिया ही कोठ्यावरची मुलगी, गुंडाची बायको होते, आणि त्या घरात तिला मिळणारी जागा हा चित्रपटातला अतिशय हळवा भाग आहे. सौंदर्याचा मुकुट घातलेल्या नटीला अशी भूमिका द्यायला दिग्दर्शकाला धाडस लागते आणि घ्यायला नटीलाही. पुढे २०००चा ‘पुकार’. मामुट्टींबरोबर मल्याळम चित्रपट, महेशबाबूंबरोबर ‘वंशी’ हा तेलुगू. २००४ला गुरिंदर चढ्ढांच्या ‘ब्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये त्या ऐश्वर्या राय यांच्या थोरल्या बहिणीच्या भूमिकेत होत्या. १९९३चा मुकुट आणि १९९४चा मुकुट एकाच घरातल्या दोन बहिणी म्हणून शेजारी उभे होते.

यातल्या एका चित्रपटावर मी थोडे थांबते. मांजरेकरांचाच ‘अस्तित्व’, २०००चा, हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत केलेला. मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. आदिती या गृहिणीचे काम तब्बू यांनी केले आहे. अनेक वर्षांपूर्वीची तिची एक गोष्ट उघड होते आणि नवऱ्याबरोबर तिचा मुलगाही तिच्याविरुद्ध उभा राहतो. त्या मुलाची वाग्दत्त वधू रेवती म्हणजे नम्रता शिरोडकर. भूमिका मोठी नाही. पण जो मुलगा आईला समजून घेत नाही तो उद्या मला काय समजून घेणार, हे रेवतीला कळते आणि ती त्याच्याशी ठरलेले लग्न मोडते. मराठी पडद्यावर लग्न मोडणारी आणि तरी प्रेक्षकांच्या नजरेत उंच होणारी मुलगी फार क्वचित दिसते. हा चित्रपट तुम्ही पाहा, मुलांनी तर जरूर पाहा.

आणि आता तो अवघड भाग. १० फेब्रुवारी २००५ला त्यांनी महेशबाबूंशी लग्न केले आणि चित्रपटांत काम करणे थांबवले. आपल्याला काम न करणारी पत्नी हवी हे महेशबाबूंनी आधीच सांगितले होते, आपल्याही काही अटी होत्या, आणि हे सगळे दोघांचे बोलून ठरले होते, असे त्यांनी मुलाखतीत मोकळेपणाने सांगितले आहे. आज त्या हैदराबादला असतात, घरच्या संस्थेतर्फे हृदयविकार असलेल्या लहान मुलांच्या शस्त्रक्रियांसाठी मदत उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे, आणि आपण समाधानी आहोत असे त्या सांगतात. त्यांचे समाधान खोटे ठरवण्याचा अधिकार मला नाही. निर्णय त्यांचा होता, समजून घेतलेला होता. पण त्यांची अट आणि त्यांचा निर्णय ही त्यांच्या घरची गोष्ट आहे, ती आपल्या घरचा नियम होऊ शकत नाही. त्या निर्णयामागे नाव होते, पैसा होता, हवे तेव्हा परत येता येईल अशी ओळख होती. नागापूरच्या, एमआयडीसीच्या बाजूच्या वसाहतीत दिल्या गेलेल्या मुलीने नोकरी सोडली तर तिच्यामागे यातले काहीच नसते. तिच्याकडे असते आज मिळालेले हे प्रमाणपत्र, आणि ते ट्रंकेत जाते.

सौंदर्यस्पर्धा आणि चित्रपट या मार्गाने गेलेली आणखी एक मराठी बाई मला आठवते. पनवेलच्या आदिती गोवित्रीकर. त्यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून एम.बी.बी.एस. केले, मॉडेलिंगची स्पर्धा जिंकली, चित्रपटांत आल्या, आणि लग्नानंतर २००१ला मिसेस वर्ल्ड झाल्या. हा किताब मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. दुसऱ्या भारतीय स्त्रीला, सरगम कौशल यांना, तो २०२२मध्ये मिळाला. पुढे गोवित्रीकरांनी मानसशास्त्राचे शिक्षण घेतले. डॉक्टर होऊन मॉडेल झाली म्हणून हळहळणारे लोक भेटतात. मला त्यात हळहळण्यासारखे काही दिसत नाही. बाई एका आयुष्यात एकाहून अधिक वेळा विद्यार्थिनी होऊ शकते, इतकेच त्यातून कळते.

पालकांना माझी विनंती आहे की मुलीची पदवी लग्नाच्या पत्रिकेत नावापुढे छापण्यापुरती वापरू नका. मुलींनो, नोकरी करायची की सोडायची, शहरात जायचे की इथेच राहायचे, पुन्हा शिकायचे की नाही, हे ठरवताना सगळ्यांचे ऐका, पण सही तुमची असू द्या. आणि मुलांनो, तुम्ही आज पदवी घेऊन बाहेर पडता आहात. मुलगी पाहायला जाल तेव्हा तिला स्वयंपाक येतो का हे विचारण्याआधी, तुझे काम तुला पुढे करायचे आहे का, हा प्रश्न विचारा, आणि ती देईल ते उत्तर लग्नानंतरही लक्षात ठेवा.