घरच्या घरी छायाचित्र

निजामाच्या दरबारचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी 1892 साली हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी एक चित्रशाळा उघडली. तिच्या भोवती उंच भिंती होत्या आणि आतला कारभार मिसेस केनी-लेविक या इंग्रज बाईंकडे सोपविलेला होता. पडद्यातील स्त्रीचे मुख परपुरुषाच्या दृष्टीस पडू नये, आणि तरीही तिचे चित्र मात्र निघावे, अशी ही अडचणीतून काढलेली वाट होती.

पडदा बराचसा सरला, अडचण मात्र सरली नाही. डिजिटल कॅमेऱ्यात बाळंतिणीच्या खोलीतली, आजारी वडिलांच्या उशाशी घेतलेली अशी कितीतरी चित्रे साठलेली असतात. त्यातले एक कागदावर हवे म्हणून कार्ड दुकानात द्यावे, तर त्या एकाबरोबर सगळीच चित्रे परक्याच्या हाती जातात. काचीगुड्यातल्या किंवा सुलतान बाजारातल्या ज्या मराठी बिऱ्हाडात आता वडीलधारी माणसेच उरली आहेत, तेथे संगणक असला तरी तो चालविणारे हात परदेशी असतात.

वास्तविक दीनदयाळांच्या वेळीही संगणक कोठे होता! अंड्यातील पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला कागद सिल्व्हर नायट्रेटात भिजवून वाळवीत, त्यावर काचेची निगेटिव्ह दाबून बसवीत आणि ती चौकट उन्हात ठेवीत. चित्र डोळ्यांदेखत गडद होत जाई. मग सुवर्णक्षाराने त्याला रंगाची खोली द्यायची, हायपोत पक्के करायचे आणि पाण्यामागून पाणी बदलून धुवायचे. धुण्यात आळस झाला की पुढे चित्र डागाळलेच म्हणून समजावे.

2003 साली कॅमेरे आणि छपाईयंत्रे बनविणाऱ्या कंपन्यांनी ‘पिक्टब्रिज’ ही पद्धत ठरविली. तिच्यामुळे एका कंपनीचा कॅमेरा तारेने दुसऱ्या कंपनीच्या छपाईयंत्राला थेट जोडता येऊ लागला. दोन्हींना ही सोय असली की कॅमेऱ्याच्याच पडद्यावर चित्र निवडायचे आणि छापावयाची आज्ञा द्यायची. काही यंत्रांत कार्डच सरळ बसविता येते.

चार बाय सहा इंचांच्या सुबक चित्राला सुमारे 22 लाख बिंदू पुरतात. बहुतेक जुने कॅमेरेही तेवढे देतात. कुरबुर होते ती मापावरून. बऱ्याच लहान कॅमेऱ्यांची चौकट चारास तीन या प्रमाणाची, तर कागद तीनास दोन या प्रमाणाचा. सगळा कागद भरावयाचा तर चित्राच्या उंचीचा नववा भाग कापला जातो, आणि लग्नातल्या सामुदायिक चित्रात नेमक्या मागच्या रांगेतल्या पगड्या जातात.

शाईचे यंत्र महिनोन्‌महिने पडून राहिले की त्याची सूक्ष्म छिद्रे सुकून बसतात. क्वचित छापणाऱ्या घराला रंगीत फितीचे छोटे यंत्र अधिक सोयीचे. त्यात पिवळा, किरमिजी आणि निळा हे रंग उष्णतेने एकामागून एक कागदात उतरतात व शेवटी पारदर्शक थर चढतो. कागद चार वेळा आत-बाहेर करतो. हैदराबादच्या उन्हाळ्यातली धूळ फितीवर बसली, तर पांढरा ठिपका हमखास उमटतो.

वापरलेल्या फितीवर प्रत्येक चित्राची उलटी छाया स्पष्ट राहते. उजेडात धरली तर चेहरे सहज ओळखू येतात. तेव्हा ती संपल्यावर अखंड कचऱ्यात न टाकता कात्रीने तिचे तुकडे करावेत.