डिझेल इंजिनाची साखळी

भिंतीवरचें घड्याळ मागें पडलें, तर फार तर आगगाडी चुकते. डिझेल इंजिनाचें कालमान बिघडलें, तर इंजिनच निकामी होण्याचा संभव असतो. हें कालमान आंतील साखळी, म्हणजे टायमिंग चेन, राखीत असते.

१९७६ सालीं बाजारांत आलेली मर्सिडीज-बेंझ ३०० डी ही पांच सिलिंडरांची मोटार उदाहरणादाखल घेऊं. जुन्या मोटारींचे हौशी तिची दुपदरी साखळी आजही घरींच बदलतात. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हां कॅमशाफ्टचा एक व्हावा, हें प्रमाण साखळी संभाळते. इंधन फवारणारा पंपही तीच चालविते. कड्यांतील पिना झिजल्या कीं साखळी लांबते, झडपा उशिरा उघडतात आणि फवाराही मागें पडतो. डिझेलांत ठिणगी नसते. हवाच सुमारें २१ पट दाबून तापवितात. त्यामुळें वर आलेल्या पिस्टनच्या माथ्यावर जागा अगदीं थोडी उरते. साखळी तुटली, तर पिस्टन झडपांवर आदळतो.

म्हणूनच येथें स्वस्त मालाचा मोह महागांत पडतो. साखळी खात्रीच्या कारखान्याची घ्यावी. तिला ताणून धरणारा टेन्शनर आणि झिजलेल्या मार्गपट्ट्याही तपासून बदलाव्या.

या कामासाठीं सबंध इंजिन खोलावें लागत नाहीं. बॅटरीची तार सोडून वरचें झाकण, ग्लो प्लग व टेन्शनर काढावे. तुकडे आंत पडूं नयेत म्हणून खालीं कापड कोंबावें आणि जुनी साखळी एका कडीवर तोडावी. तिच्या टोंकास नवी जोडून क्रँकशाफ्ट पान्यानें, इंजिनाच्या चालीच्याच दिशेनें, सावकाश फिरवावा. जुनी बाहेर येते, नवी आंत जाते. या वेळीं दुसरा माणूस हवाच. वरच्या दंतचक्रावर साखळी सैल पडली, तर ती दांता चुकविते किंवा आंत घसरते. शेवटची कडी रिव्हेटनें पक्की करावी.

टेन्शनर बसविल्यावर क्रँकशाफ्टचे दोन पूर्ण फेरे हातानेंच करावे. कोठें अडलें, तर जोर न लावतां कारण शोधावें. दोन्ही शाफ्टांच्या खुणा जुळल्या, पंपाची वेळ तपासून झाली, कीं मगच किल्ली फिरवावी. घरीं काम करणाऱ्याजवळ कारखान्याचीं हत्यारें नसतात. सवड मात्र असते. ती त्यानें येथें सढळ हातानें खर्चावी.