भंगारातली डबी



धूर झाला की ओरडणारी, छताला लावलेली प्लास्टिकची डबी आपण पाहिली असेल. अमेरिकेत ती घरोघर असते. आपल्याकडे कचेऱ्यांत, हॉटेलांत, जहाजांवर. जुनी झाली की ती भंगारात येते आणि छिन्नी-हातोडी घेऊन बसलेला माणूस तारेच्या व पत्र्याच्या आशेने ती फोडतो.

ह्या डब्यांच्या दोन जाती. एकीत नुसता प्रकाशाचा झोत असतो. तिचे भय नाही. दुसरीत अमेरिसियम-२४१ हे किरणोत्सर्गी द्रव्य सोन्या-चांदीच्या पातळ पापुद्र्यांत बसवलेले असते. सोने म्हटले की डोळे चमकतात. पण ते इतके थोडे, की वेचणाऱ्याचा चहासुद्धा त्यातून सुटायचा नाही. घरगुती डबीत द्रव्य सुमारे ०.३ मायक्रोग्रॅम. ते निम्मे व्हायला ४३२ वर्षे लागतात. त्याचे अल्फा कण साध्या कागदाने अडतात, म्हणून छतावरच्या धड डबीखाली खुशाल झोपावे. भीती घालणे हा आमचा धंदा नव्हे. परंतु तीच डबी ठेचली, जाळली, तिची धूळ श्वासातून किंवा बिडीच्या हाताने पोटात गेली, तर फुप्फुसात कागदाचा आडोसा नसतो.

दिल्लीत २०१० साली विद्यापीठाने लिलावात काढलेले एक जुने यंत्र मायापुरीच्या भंगारबाजारात फोडले गेले. आत कोबाल्ट-६० होते. ह्या डबीहून ते कितीतरी पट प्रखर, पण फोडण्याची रीत हीच. एक कामगार मेला, अनेक होरपळले. २००८ साली फ्रान्समध्ये लिफ्टची भारतीय बटने किरणोत्सर्गी निघाली. माग लागला तो आपल्या शेजारच्या खोपोलीच्या एका फाउंड्रीपर्यंत. कोणा भंगाराबरोबर ते वितळले असेल, ते ज्याने उचलले त्याचे नाव कोणत्या हजेरीपटावर होते?

धोक्याची खूण म्हणून तीन पाती छापतात. आमच्या माणसाला तो पंखा वाटतो. खाली मजकूर असला तर इंग्रजीत. तो मराठी-हिंदीत हवा, आणि निकामी डबी विकणाऱ्याने परत नेली पाहिजे, ही आमची मागणी आहे. तोवर तळोज्याच्या एखाद्या गाळ्यात अशा डब्यांचे पोते आले, तर फोडू नका, भट्टीत टाकू नका. बाजूला ठेवून अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवा. त्याची कचेरी खाडीपलीकडे अणुशक्तिनगरलाच आहे.