सायकलस्वाराने बिऱ्हाड कोठे करावे?



व्याख्यानाचा विषय म्हणून मी हे शीर्षक कळविले, तेव्हा चिटणीस क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, सायकल जिन्याखाली मावते. तिच्यासाठी बिऱ्हाड कशाला बदलायचे?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे माणूस बिऱ्हाड बदलतो तो नोकरीसाठी, मुलांच्या शिक्षणासाठी, फार तर डॉक्टरांनी हवापालट सांगितली म्हणून. परंतु युरोप-अमेरिकेच्या थंड मुलखात अशी पुष्कळ माणसे आहेत, की ज्यांना वर्षाचे बाराही महिने सायकल चालवावयाची आहे आणि तेवढ्यासाठी उबदार मुलखात जाऊन राहावे काय, या विचाराने ज्यांची झोप उडाली आहे. माझा सख्खा भाचा त्यांपैकीच एक. त्याच्या निमित्ताने मी जन्मभर शिकविलेला भूगोल पुन्हा एकदा उघडून पाहिला. त्यातले जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

भाचा वीस वर्षे अमेरिकेत मिनिआपोलिस येथे राहतो. वय बावन्न. सायकल हा त्याचा व्यायाम, करमणूक आणि थोडेसे वेडही. ते गाव तसे सायकलस्वारांची कदर करणारे. तेथे एका जुन्या रेल्वेमार्गाच्या खोलगट वाटेवर जवळजवळ नऊ किलोमीटरांचा सायकलमार्ग केला आहे आणि हिवाळ्यात त्यावरचे बर्फही काढले जाते. पण जानेवारीचे सरासरी तपमान उणे नऊ अंश सेल्सिअसच्या आसपास! दोन वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या काचेसारख्या पातळ बर्फावरून चाक सरकले आणि त्याचे मनगट मोडले. टायरला बारीक पोलादी खिळे होते, तरीही. त्यानंतर त्याचे पत्र आले: "मामा, आता थंडी पुरे झाली. कोठे जावे ते सांगा. तुम्ही भूगोलाचे मास्तर."

अशा लोकांनी जी ठिकाणे पसंत केली आहेत, त्यांची नावे साधारण ठरलेली आहेत. स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यात जिरोना हे प्राचीन गाव आहे. तेथे अनेक देशांचे धंदेवाईक शर्यतपटू घरे करून राहतात. भूमध्य समुद्रात मायोर्का बेट आहे. फेब्रुवारी उजाडला की उत्तर युरोपातले सायकलस्वार तेथे थव्यांनी उतरतात. आफ्रिकेच्या किनाऱ्यासमोर तेनेरीफे बेट आहे. तेथे समुद्रकाठावरून निघून एकाच दिवसात दोन हजार मीटरांहून अधिक उंची चढता येते. आणि अमेरिकेतच अ‍ॅरिझोना प्रांताच्या वाळवंटात टूसॉन शहर आहे. ते आपल्या वाईसारखेच समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरांवर वसलेले असून तेथे जानेवारीतली दुपार अठरा-एकोणीस अंशांची असते. भाच्याचे मन बसले होते ते या टूसॉनवर.

आता, उबदार म्हणजे काय? आपण वर्तमानपत्रात पारा पाहतो आणि समजतो, की हवा कळली. पण सायकलस्वाराची हवा पाऱ्यात नसते. ती तो स्वतः निर्माण करतो. ताशी तीस किलोमीटर वेगाने जाणारा माणूस शांत हवेतही तीस किलोमीटरांचा वारा अंगावर घेत असतो. शून्य अंशाची हवा अशा वेळी चेहऱ्याला उणे सहा-सात अंशांसारखी लागते आणि उणे दहाची उणे वीससारखी. चढावर घाम येतो, उतारावर तोच घाम गोठू पाहतो. म्हणून थंडीत सायकलस्वाराला चढापेक्षा उताराची धास्ती अधिक.

उन्हाळ्यात हाच वारा मित्र होतो, पण काही मर्यादेपर्यंतच. आपल्या कातडीची उष्णता पस्तीस अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून तापली, की वारा उष्णता नेण्याऐवजी आणून देऊ लागतो. मग सारी भिस्त घाम वाळण्यावर. कोरड्या हवेत तो वाळतो, दमट हवेत नुसता निथळतो. मुंबईची बत्तीस अंशांची दुपार वाईच्या छत्तीस अंशांच्या दुपारीपेक्षा अधिक जीव काढते, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल. तेव्हा पारा पाहावा तसा दमटपणाही पाहावा.

तिसरी गोष्ट उजेडाची. तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. थंडीवर लोकरीचा उतारा आहे, पण दिवस लहान असेल तर तो विकत घेऊन मोठा करता येत नाही. डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस मिनिआपोलिसला पावणेनऊ तासांचा, मायोर्काला सव्वानऊ तासांचा, टूसॉनला दहा तासांचा आणि आपल्याकडे अकरा तासांचा. नोकरी करणाऱ्या माणसाची सकाळची फेरी उजेडात होते की काळोखात, हे या तास-दीड तासावर ठरते.

चौथी गोष्ट सांगावयाला वाईसारखे गाव नाही. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरांवर पाऊस कोसळतो. येथून ते बत्तीस-तेहतीस किलोमीटर, पण आपला पाऊस त्याच्या पासंगालाही पुरत नाही. डोंगराची कोणती बाजू आपल्या वाट्याला आली, यावर सारे अवलंबून. तेनेरीफेची गोष्ट अगदी अशीच आहे. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे उत्तर उतारावर ढग अडकवितात. तो भाग हिरवा व ओलसर, आणि दक्षिणेचा भाग कोरडा व उन्हाचा. 'तेनेरीफेची हवा छान' असे कोणी म्हटले, तर 'कोणत्या अंगाची?' असे विचारले पाहिजे.

हे सगळे मी भाच्याला कळविले आणि शेवटी एक नियम लिहिला: गाव पाहावयास जाशील तर त्याच्या सर्वांत वाईट महिन्यात जा. जानेवारीत टूसॉन पाहून घर घेणे म्हणजे डिसेंबरात महाबळेश्वर पाहून तेथे आषाढात राहावयास जाणे होय. त्याने ऐकले. जूनमध्ये चार आठवडे तो तेथे जाऊन राहिला. जूनच्या दुपारी पाऱ्याची सरासरी अडतीस-एकोणचाळीस अंश. तेथून सुमारे १८० किलोमीटरांवरच्या फीनिक्स शहरात तर २०२३ साली लागोपाठ एकतीस दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला होता. भाचा लिहितो, "पहाटे चारला उठतो, साडेचारला निघतो, साडेसातला घरात. मग दिवसभर दार बंद. मामा, मिनिआपोलिसला हिवाळ्यात कोंडून घेत होतो, येथे उन्हाळ्यात." म्हणजे उबदार गावालाही आपला एक हिवाळा असतो, तो फक्त उन्हाळ्यात येतो.

तरीही त्याला ते गाव आवडले. आणि याचे कारण हवा नव्हे, रस्ते. टूसॉनच्या नद्या वर्षातील बहुतेक काळ कोरड्या असतात. १९८३ साली मोठा पूर आला. त्यानंतर नद्यांचे काठ बांधून काढण्यात आले आणि त्या बांधांवरून सायकलींचे मार्ग निघाले. आज ते जोडून शहराभोवती दोनशे किलोमीटरांहून लांब जाळे झाले आहे, आणि त्यावर मोटारीला मज्जाव आहे. मजा अशी, की तेथेही उन्हाळ्याच्या शेवटी पाऊस येतो आणि त्याला ते लोक 'मान्सून'च म्हणतात.

शहराच्या उत्तरेस माउंट लेमन हा पर्वत आहे. वाळवंटातल्या निवडुंगांतून निघालेला रस्ता सुमारे चाळीस किलोमीटर चढून पाइनच्या रानात पोहोचतो. हजार मीटर चढले, की हवा साडेसहा अंशांच्या हिशेबाने निवते. त्यामुळे खाली भट्टी असली तरी वर दहा-अकरा अंशांनी गारवा. टूसॉनचे ते महाबळेश्वरच समजा. हा रस्ता १९३३ साली सुरू झाला आणि पुढची सुमारे सतरा वर्षे कैद्यांच्या हातांनी घडत गेला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांवर संचारबंदी घातली व त्यांना छावण्यांत धाडले. तो हुकूम न मानणारा गॉर्डन हिराबायाशी हा तरुण याच डोंगरातील कैद्यांच्या छावणीत शिक्षा भोगत होता. आज त्या जागेला त्याचे नाव आहे. हौसेने त्या चढावर घाम गाळणाऱ्याने तेथे घटकाभर थांबावे, असे मी भाच्याला लिहिले. रस्ता आपोआप होत नाही. कोणीतरी तो आपल्या पाठीवर वाहिलेला असतो.

येथे मला माझ्या विषयाच्या गाभ्याशी येता येते. हवा ही निसर्गाची देणगी आहे, रस्ता ही माणसाची करणी आहे. आणि सायकल चालते ती हवेपेक्षा रस्त्यावर अधिक. फिनलंडमध्ये औलू नावाचे शहर आहे, उत्तर ध्रुववृत्तापासून फारसे दूर नाही. जानेवारीत तेथे मिनिआपोलिससारखीच थंडी असते, आणि तरी शाळकरी मुले बर्फातून सायकलने शाळेत जातात. कारण साधे आहे: सायकलींचे मार्ग वेगळे आहेत आणि पहाटेच त्यांच्यावरचे बर्फ साफ होते. हॉलंडचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथे पाऊस, वारा, ढग यांची वाण नाही. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे ३३०० माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. 'मुलांची हत्या थांबवा' हेच त्यांच्या चळवळीचे नाव होते. आज जगाला ठाऊक असलेले हॉलंडचे सायकलमार्ग त्या चळवळीनंतरच्या वर्षांत वाढले. त्यांची हवा पूर्वी होती तशीच राहिली.

बिऱ्हाड करणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे आपण कोणाच्या शेजारी राहावयास जातो आहोत. मायोर्कात एका खोल खाडीपर्यंत जाणारा नागमोडी रस्ता आहे. आंतोनियो पारिएत्ती या इंजिनिअराने तो १९३२ साली प्रवाशांना खाडी दिसावी म्हणून काढला, आणि एके ठिकाणी तर तो टायच्या गाठीसारखा स्वतःच्याच खालून जातो. आज सायकलस्वारांचे ते तीर्थक्षेत्र आहे. पण त्याच बेटावर २०२४ साली हजारो रहिवासी निदर्शने करीत रस्त्यावर आले. त्यांचे म्हणणे होते, की बाहेरून येणाऱ्यांच्या गर्दीने घरांची भाडी इतकी चढली आहेत, की गावच्या माणसालाच गावात राहणे परवडत नाही. पाचगणी-महाबळेश्वरच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्याला हे दुःख उलगडून सांगावयास नको. तेव्हा मी भाच्याला लिहिले, की घर विकत घेण्याची घाई करू नकोस. दोन वर्षे भाड्याने राहा, भाजी तेथल्या बाजारात घे, पाणी जपून वापर. ते वाळवंट आहे.

त्याच्या पत्नीने मात्र सगळ्या भूगोलावर मात करणारा प्रश्न विचारला: "तुम्ही सकाळी तीन तास सायकलवर असाल, मी त्या परक्या गावात कोणाशी बोलू?" या प्रश्नाला नकाशात उत्तर नाही. शेवटी असे ठरले, की नोव्हेंबर ते मार्च टूसॉनला भाड्याचे घर आणि उरलेले महिने मिनिआपोलिस. तिचा मित्रपरिवार तुटला नाही आणि त्याचे मनगटही वाचले.

येथे माझे व्याख्यान संपावयास हरकत नव्हती. पण माझी बहीण, म्हणजे भाच्याची आई, आपल्या या गावातच राहते. ही सगळी पत्रापत्री ऐकून ती एके दिवशी म्हणाली, "इतक्या दूरच्या गावांची चौकशी चालली आहे, मग वाईत काय कमी आहे? कार्तिकापासून माघापर्यंत यासारखी हवा कोठे मिळेल?" तिचे म्हणणे तपासून पाहिले, तर खोडण्यासारखे काही सापडेना. अकरा तासांचा दिवस, कोरडी थंडी, नदीकाठची सपाट वाट आणि दाराशीच पाचगणीपर्यंत दहा-बारा किलोमीटरांचा चढ! मी हे भाच्याला कळविले. त्याचे उत्तर एका ओळीचे आले: "मामा, हवा आहे हो. पण पसरणीच्या घाटात मला रस्त्याची कडा कोण देईल?"

२०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्या आकड्यापुढे भाच्याच्या प्रश्नाला मी काय उत्तर द्यावे? ज्या हवेसाठी परदेशची माणसे घरदार सोडतात, ती आपल्याला जन्मतः मिळाली आहे. माझ्या लहानपणी शिक्षक, पोस्टमन, दूधवाला, सारे सायकलवर असत. आज शाळेत जाणाऱ्या मुलीच्या हाती सायकल देताना आईचा जीव खालीवर होतो. भाचा येथे आला नाही तर त्याचे काही अडणार नाही, त्याला टूसॉन आहे. त्या मुलीला दुसरे गाव नाही.

गेल्या आठवड्यात त्याचे पुन्हा पत्र आले आहे. पुढच्या पौषात तो महिनाभर आईजवळ राहावयास येणार आहे, आणि विचारतो की पसरणीचा घाट सकाळी सहा वाजता कसा असतो. शनिवार-रविवार सोडून कोणता दिवस बरा? मी अजून उत्तर पाठविलेले नाही. उद्या पहाटे स्वतः जाऊन पाहीन आणि मगच लिहीन. आपल्यापैकी ज्यांना सवड असेल, त्यांनी बरोबर यावे.