पहाऱ्यावरच्या शिपायाला अभ्यासवृत्ती
(बेल्हे येथील अभ्यासवर्गातील भाषण)

१९५३ साली कोरियात, मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या २२,००० हून अधिक युद्धकैद्यांची राखण भारतीय दलाने केली. दलाचे सेनापती, कोल्हापूरचे शंकरराव थोरात यांनी पुढे आत्मचरित्र लिहिले. पहाऱ्यावरच्या शिपायाच्या हाती लेखणी कोण देणार?

रोटरीची शांतिअभ्यासवृत्ती अनुभवी कार्यकर्त्यांसाठी आहे. तिच्या केंद्रासाठी पुण्याच्या सिम्बायोसिस विद्यापीठाची निवडही झाली. अनुभवाची अट रास्तच. पण पदवी हवी, इंग्रजीही हवी! बेल्ह्याच्या कोरडवाहू शिवारातून बारावीनंतर सैन्यात जाणारा, काँगोत संयुक्त राष्ट्रांचे निळे शिरस्त्राण घालून उभा राहणारा जवान निवृत्तीनंतर बँकेच्या दारावर पुन्हा पहाराच करणार काय? पुणे विद्यापीठाच्या संरक्षणशास्त्र विभागाने अशा जवानांना पदवीची अट न घालता, मराठीतून अभ्यासवृत्ती द्यावी, ही मागणी बेल्ह्याने लावून धरावी.