उसातील कार्बनची जन्मकथा



नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ऊस बहरला व त्यावर साखर कारखाने उभे राहिले. त्या साखरेच्या प्रत्येक रेणूत कार्बनचे १२ अणू असतात. ऊस हा कार्बन हवेतून घेतो. परंतु मुळात तो निर्माण कोठे झाला?

विश्वाच्या आरंभी प्रामुख्याने हायड्रोजन आणि हेलियम हीच द्रव्ये होती. कार्बन घडला तो पुढे ताऱ्यांच्या गर्भात, हेलियमची तीन केंद्रके एकत्र येऊन. यात अडचण अशी की, पहिल्या दोहोंतून बनणारे बेरिलियम निमिषाच्याही अत्यल्प अंशात फुटते. तेवढ्या अवधीत तिसरे केंद्रक येऊन मिळावे व कार्बन विपुल घडावा, यासाठी कार्बनच्या केंद्रकात एका विशिष्ट ऊर्जेची पातळी असलीच पाहिजे, असे भाकीत फ्रेड हॉइल यांनी १९५३ मध्ये केले. हेच हॉइल पुढे डॉ. जयंत नारळीकर यांचे केंब्रिजमधील गुरू झाले.

भाकीत कितीही तेजस्वी असले, तरी निवाडा प्रयोगच करतो. अमेरिकेतील कॅलटेक संस्थेत वॉर्ड व्हेलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नायट्रोजनवर ड्यूटेरॉनचा मारा करून ती पातळी शोधून काढली. आज तिचे मूल्य सुमारे ७६.५ लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट मानले जाते. ही पातळी तेथे नसती, तर ऊसही नसता आणि तो पिकवणारा शेतकरीही नसता.

केंद्रकाच्या अंतरंगाचा असा शोध महाराष्ट्रातही चालतो. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहयोगाने, १९८८ मध्ये पेलेट्रॉन हा कणवेगवर्धक कार्यान्वित झाला. आयनांचा मारा करून, बाहेर पडणाऱ्या गॅमा किरणांवरून केंद्रकाचा आकार व रचना तेथे अभ्यासली जाते.

इंदापूर तालुक्याला या क्षेत्राचा स्पर्श आहेच. साखर कारखान्यापासून वाढलेल्या वालचंदनगरने अणुभट्ट्यांचे व अग्निबाणांचे भाग घडवले. यंत्र घडवणारे हात येथे आहेत. निसर्गाला प्रश्न विचारणारी बुद्धीही येथूनच पुढे यावयास हवी. यास्तव घरातील मुलाने अथवा मुलीने पदार्थविज्ञानाची वाट धरण्याची इच्छा सांगितली, तर ‘नोकरी कोठे मिळणार?’ एवढ्याच प्रश्नाने पालकांनी ती वाट बंद करू नये. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे धीराने बसणारी माणसे घडवणे, हेही राष्ट्रकार्यच आहे.